फाटकापासून दारापर्यंत, एका पातळीत

एक्स-रे काढणाऱ्या मुलीने मला उजवा हात वर करायला सांगितलं. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिने विचारलं, "काकू, रोज एवढं काय ओढता?" मी म्हटलं, पाणी. तिला वाटलं, विहिरीचं.

*

फरशी पुरी झाली की माझा नवरा खिशातून काचेची गोटी काढून मधोमध ठेवायचा. गोटी जागची हलली नाही की मग चहा.

*

पुढच्या खोलीतल्या दिवाणाचे दाराकडचे दोन पाय फुगलेत. भिंतीकडचे दोन ठणठणीत आहेत.

*

मोरी ही घरातली सगळ्यात खालची जागा, म्हणून मोरी बांधणारा माणूसही खालचा, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याचा सख्खा धाकटा भाऊ चाळीस वर्षं मोऱ्या, न्हाण्या आणि गच्च्या बांधतो.

*

आमच्या दाराला उंबरठा नाही.

*

हे सगळं एका काँक्रीटपायी.

नवऱ्याला मी यापुढे 'हे'च म्हणेन. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आता दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

आमच्या फाटकापासून दारापर्यंत चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद काँक्रीट आहे. अकरा वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी ते ओतलं. जन्मभर फरशा घातल्या त्या दुसऱ्यांच्या: गोदामं, छापखाने, इस्पितळं. वर यंत्रं आणि खोकी येऊन बसली आणि यांचं काम कुणाला दिसेना. हे एक तरी दिसणार होतं. त्यासाठी यांनी दारातला उंबरठा उखडून काढला आणि पुढच्या खोलीची फरशी नि बाहेरचं काँक्रीट एका पातळीत आणलं. खोलीत ठेवा, दारात ठेवा, फाटकाशी ठेवा, गोटी जिथे ठेवाल तिथेच राहील, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. येणारा-जाणारा म्हणजे पोस्टमन आणि मीटर वाचायला येणारा माणूस. दोघांनाही गोटीत रस नव्हता.

ओतायच्या दिवशी भावजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, मदतीला आले होते. यांनी लावलेल्या दोऱ्या भावजींनी पाहिल्या आणि जरा घुटमळून विचारलं की दादा, रस्त्याकडे थोडा उतार देतोयस ना. यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"उतार देतात ते ज्यांना पातळी जमत नाही," हे म्हणाले. "तू तुझ्या मोऱ्या बघ."

भावजींनी थापी खाली ठेवली, नळावर हात धुतले, मला सांगून गेले की वहिनी, येतो. त्यानंतर अकरा वर्षं दोघे भाऊ फक्त लग्नाकार्यात भेटले आणि शेजारच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली, एकाच बसची वाट पाहणारे दोन अनोळखी म्हातारे करतात तशी.

मग पाऊस आला. चाळीस फुटांत पाण्याला कुठे जायचं ते समजेना. ते उभं राहिलं. वाढलं. आणि घाई न करता, पाहुण्यासारखं, दारातून आत आलं.

पहाटेचे पाच वाजले होते. हे घोरत होते. मी पदर खोचला, न्हाणीतला वायपर घेतला आणि चाळीस फूट पाणी ढकलत रस्त्यावर नेऊन सोडलं. खोली पुसली. सहाला हे उठून दारात आले तेव्हा काँक्रीट नुसतं ओलसर होतं. यांनी समाधानाने मान हलवली. म्हणाले, "बघ, कसं पटकन वाळतं."

त्या वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यात प्रेमबीम काही नव्हतं. मला यांचं तोंड ऐकायचं नव्हतं. यांचं काम चुकलं असं कुणी म्हटलं की हे आधी सिमेंटला शिव्या देतात, मग वाळूला, मग माणसांना, आणि शेवटी तीन दिवस जेवत नाहीत. तेवढे तीन दिवस ताट घेऊन मागे फिरायचं मी. त्यापेक्षा वायपर हलका. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी बत्तीस वर्षं काढली. ओलं काय आणि कोरडं काय, हे मला यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. बाईच्या न बोलण्याला लोक समजूतदारपणा म्हणतात. माझ्यात तो निव्वळ आळस होता, आणि त्या आळसापायी मी अकरा वर्षं पहाटे पाचला उठले.

दिवसा पाऊस लागला की हे मागच्या खोलीत जाऊन झोपत. मला वाटे, वय झालं.

या वर्षी खांदा गेला. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान होता, पण बोलला स्पष्ट. म्हणाला, आतला स्नायू दोऱ्यासारखा विरलाय, आणखी एकदा असं काही ओढलंत तर तुटेल, मग केससुद्धा विंचरता येणार नाहीत. मी घरी आले, हात झोळीत बांधला, वायपर न्हाणीत उभा केला आणि तिथेच सोडला.

पुढचे तीन दिवस पाऊस थांबला नाही. मला इतकी करमणूक बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

पहिल्या दिवशी पाणी दिवाणापर्यंत आलं. हे दारात उभे राहिले, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले की रस्त्याचं काम झालं तेव्हा नगरपालिकेने रस्ता उंच केलाय. रस्ता आमच्या काँक्रीटपेक्षा वीतभर खाली आहे. आंधळ्यालाही तिथे उतरताना कळतं. मी पाय स्टुलावर घेतले आणि पेपर वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोष शेजाऱ्याच्या पन्हाळीवर गेला. हे छत्री घेऊन त्याच्याकडे गेले. शेजारी भला माणूस, त्याने शिडी लावून पन्हाळ दाखवली. तिचं पाणी पलीकडच्या बाजूला पडत होतं. हे परत आले ते म्हणत की तो काहीतरी लपवतोय.

तिसऱ्या दिवशी यांनी वाळूची सहा पोती भरून दारात रचली. उत्तम रचली, सांध्याला सांधा, पातळी तपासायची पाणसळ लावून. दिवसभर आत झिरपलेलं पाणी संध्याकाळी त्या पोत्यांमुळे बाहेर जाईना. पुढच्या खोलीचं तळं झालं, आणि त्या तळ्याची पातळी, हे कबूल करायला हवं, अतिशय अचूक होती.

मुलाला फोन केला. तो लांब राहतो, महिन्यातून एकदा आमच्याकडचं हवामान विचारतो. म्हणाला, "आई, बाबांना न विचारता करून टाक ना काहीतरी." घरात बसलेल्या माणसाला न विचारता त्याच्या दारातलं काँक्रीट कसं फोडायचं, ते त्याने सांगितलं नाही. मी फोन ठेवला आणि भावजींना लावला.

चौथ्या दिवशी उघडीप होती. भावजी सकाळीच आले. स्कूटरच्या पायापाशी कापायचं यंत्र, मागे बादली, बादलीत थापी. फाटकाबाहेरच थांबले.

"वहिनी, दादाला विचारलंत का?"

"तुम्हाला मी बोलावलंय," मी म्हटलं. "दादाने नाही."

हे पोत्यांच्या पलीकडे, दारात खुर्ची टाकून बसले होते. भावाकडे न पाहता मला म्हणाले की मोरीवाल्याला सांग, माझ्या कामाला हात लावायचा नाही. भावजी सहा फुटांवर उभे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. तरी मी निरोप पोचवला, कारण या घरात तशीच पद्धत आहे. भावजींनी मान डोलावली. म्हणाले, हात लावत नाही, नुसतं बघतो.

त्यांनी नळाखाली बादली भरली आणि काँक्रीटच्या मधोमध अगदी हळू ओतली. मग गुडघ्यावर बसून, गाल जमिनीजवळ नेऊन पाहत राहिले. पाणी गोल पसरलं. ताटाएवढं झालं, परातीएवढं झालं आणि थांबलं. कुठेच गेलं नाही. भावजींनी बोटाने त्याला एक वाट काढून दिली. पाणी बोटामागे आलं आणि बोट उचलल्यावर परत गोल झालं.

"दादा," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बदलला होता. "चाळीस फुटांत एका सुताचा फरक नाही रे."

यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"असं कुणाला जमत नाही," भावजी म्हणाले. आणि मग तितक्याच आदराने, "आणि कुणाला नकोही असतं."

यांना त्यातलं फक्त अर्धंच ऐकू आलं असावं, कारण हे खुर्चीतून उठले, पोती ओलांडून बाहेर गेले आणि भावाशेजारी उकिडवे बसले. कुठल्या दिवशी किती फूट ओतलं, रंधा कोणत्या बाजूने फिरवला, मधला सांधा कुठे लपवलाय, हे सगळं बोलणं सुरू झालं. भावजी हं, हं म्हणत होते. दोन म्हातारे एका डबक्याशेजारी बसून कौतुकाने डबकं पाहत होते. मी दारात एका हाताची उभी. माझ्या मागे दिवाण पाण्यात. मला दोघांचीही किळस आली.

शेवटी भावजींनीच विषय काढला. दारापुढे एक आडवा चर मारू, दुसरा मधोमध, त्यावर लोखंडी जाळी. आणि वरचं पाणी चराकडे जाईल अशा तिरक्या खाचा. दोन्ही चरांचं पाणी कडेने पाइपातून रस्त्याच्या गटारात. दोन दिवसांचं काम. यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे वाळलं. हे उभे राहिले आणि म्हणाले की एवढ्या कामात चरे ओढायचे, म्हणजे माणसाच्या तोंडावर सुरी फिरवण्यासारखं आहे. पाणी काय, चार दिवस येतं आणि जातं. अकरा वर्षांत कधी आलं नव्हतं, याच वर्षी आलं. पाऊस जास्त झाला, बस.

तेव्हा मी बोलले. आवाज चढवला नाही. धुलाईखान्यात यंत्रांच्या आवाजात ओरडून काही उपयोग नसतो, सावकाश बोललेलंच समोरच्याला कळतं.

"अकरा वर्षं आलंय. दर पावसात आलंय. रोज पहाटे उठून मी ते बाहेर काढलंय. तुमची ही पातळी माझ्या खांद्यावर होती, तुमच्या दोरीवर नाही. आता खांदा संपला."

भावजींनी खाली पाहिलं. मी वाट पाहत होते: सिमेंट, वाळू, माणसं, मग तीन दिवस उपास. अकरा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य टाकलं होतं, आणि यांचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं.

यांच्या तोंडाचं काहीच झालं नाही.

"वायपरचं रबर काय आपोआप बदलत होतं?" हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अकरा वर्षांत त्या वायपरचं रबर झिजलं नव्हतं. इतकी चांगली वस्तू म्हणून मी शेजारणीला तोच घ्यायला सांगितला होता. तिचा दोन पावसाळ्यांत फाटला तेव्हा तिलाच मी म्हणाले होते की तू नीट वापरत नसशील.

"कितीदा?" मी विचारलं.

"चारदा."

म्हणजे हे जागे असत. पहाटे पाचला, बाहेर माझा वायपर घासत जाई तो आवाज अंथरुणात पडून ऐकत. आवाज खरखरीत झाला की यांना कळे, रबर गेलं. मग दुकानात जाऊन तेवढ्याच मापाचं रबर आणत, मी बाजारात गेले की बसवून टाकत. खुर्चीचा पाय हलला तर दुसऱ्याला हाक मारणारा हा माणूस. यांनी माझा त्रास पाहिला, मोजला, आणि त्याची सोय केली. उतार दिला नाही. रबर दिलं.

लोक मला म्हणतील, त्यातसुद्धा काळजी होती. असेल. मला त्या घटकेला यांचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा बेचाळीस वर्षांत वाटला नव्हता, आणि त्यात माझाही वाटा होता. कारण हे मला फसवत होते तेव्हा मीही यांना फसवत होते, आणि दोघांत जास्त मूर्ख कोण ठरलं, ते तिथे उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला स्पष्ट दिसत होतं.

"भावजी," मी म्हटलं, "यंत्र लावा."

भावजी हलले नाहीत. दादाकडे पाहत राहिले. साठीला आलेला माणूस, स्वतःचे नातू असलेला, आणि मोठ्या भावाने मान हलवल्याशिवाय यंत्राचं बटण दाबायची त्याची हिंमत नव्हती. हे मागच्या खोलीत निघून गेले. मला वाटलं, झालं, उपास सुरू. पण हे परत आले ते हातात दोरीची रीळ, निळीची पुडी आणि पाणसळ घेऊन.

"तू वाकडं कापशील," हे भावाला म्हणाले.

दोरीला नीळ लावून यांनी एक टोक भावजींच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, दोरी ताणून मधे उचलली आणि सोडली. काँक्रीटवर निळी रेघ उमटली. मग दुसरी. मग तिरक्या, एकेक करून, सगळ्या. गुडघे दुखतात म्हणून हे देवाला उभ्यानेच नमस्कार करतात. त्या दिवशी चाळीस फूट गुडघ्यांवर गेले. रेघा काटेकोर होत्या. स्वतःच्या कामाची खांडोळी कुठे करायची, ते यांनी सुतासुताने आखून दिलं.

यंत्र सुरू झालं. पांढरी धूळ उडाली, आवाजाने खिडक्या थरथरल्या. भावजींनी तोंडाला फडकं बांधलं होतं. यांना मी फडकं दिलं नाही, आणि यांनी मागितलं नाही. रेघेच्या बाजूने हे मागे मागे सरकत होते, यंत्र त्यांच्याकडे येत होतं. दुपारपर्यंत यांचे केस, भुवया, मिशा, सगळं काँक्रीटच्या रंगाचं झालं.

संध्याकाळी चराचा तळ घालायची वेळ आली. सिमेंटचा ओला माल पसरला होता. भावजी थापी घेऊन वाकले, आणि यांनी थापी त्यांच्या हातातून घेतली. मग थांबले. मी दारातून पाहत होते.

"किती देतोस?" यांनी विचारलं.

माझ्या समोर तरी यांनी भावाला कामातलं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"फुटाला एक सूत," भावजी म्हणाले. म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.

"एवढंच?"

"पाण्याला तेवढं पुरतं, दादा."

हे माल ओढू लागले. हात सवयीने पातळीकडे जाई आणि भावजी काही न बोलता दोन बोटांनी यांचं मनगट किंचित खाली दाबत. यांनी हात झटकला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा फूट व्हायला अंधार पडला. मग यांनी पाणसळ तळावर ठेवली. तिच्यातला बुडबुडा मधल्या दोन रेघांतून निसटला आणि एका कडेला जाऊन बसला. यांनी ती उचलली, पुसली, परत ठेवली. बुडबुडा परत कडेला. हे त्याच्याकडे बघत तसेच ओणवे राहिले, आणि मग थापी बादलीच्या काठावर साफ करून ठेवली. दुरुस्त काही केलं नाही.

भावजी जेवायला थांबले. हे नेहमीएवढं जेवले.

आठवड्याने पाऊस आला. पहाटे पाचला मला जाग आली, ती सवय मोडायला काय लागेल कोण जाणे. मी उठले नाही. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर चरातून पाणी जाण्याचा आवाज येत होता, बारीक आणि एकसारखा. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं. हे बनियनवर, छत्री न घेता, जाळीपाशी उभे होते. पाणी खाचांतून येऊन जाळीखाली उतरत होतं आणि हे पायाने, जवळजवळ लाजत, उरलेलं पाणी तिकडे लोटत होते. त्याची गरज नव्हती. ते आपलं आपण जात होतं.

मी यांना माफ वगैरे केलेलं नाही. हाक मारून आतही बोलावलं नाही. खिडकी लावली आणि परत पडले.

अकरा वर्षांपूर्वी, हे काँक्रीट ओतल्यावर एकोणिसाव्या दिवशी आमचा मुलगा त्याची पहिली गाडी घेऊन आम्हाला दाखवायला आला होता. काँक्रीट पुरतं पिकायला अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणून यांनी त्याला ती रस्त्यावरच उभी करायला सांगितली. त्याच काँक्रीटवर यांनी आता कापायच्या रेघा स्वतः आखून दिल्या.